बिनमिठाचं सारण

मध्यंतर जवळ आलं की वैजनाथ खळदकर कढईखालची आच वाढवायचा. घड्याळ न बघता. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला त्याचं कॅन्टीन होतं आणि रंगमंचावरचं बोलणं तिथवर भिंतीतून गाळून यायचं. शब्द पोचायचे नाहीत, सूर पोचायचा. नायिकेचा आवाज चढत चढत गेला आणि एकदम तुटला, की वैजनाथ पहिला वडा तेलात सोडायचा. पडदा पडून लोक बाहेर येईपर्यंत पहिला घाणा परातीत आलेला असायचा.

त्या वड्याची कीर्ती अशी, की काही प्रेक्षक आधी तिकीट काढायचे आणि मग नाटक कुठलं आहे ते विचारायचे. एका निर्मात्यानं तर त्याच्याकडे रीतसर तक्रार केली होती. म्हणाला, अंकाच्या शेवटी आमची नायिका मरते आणि नेमकी तेव्हाच तुमची फोडणी बसते. लोक डोळे पुसायचे सोडून नाक वर करतात. वैजनाथनं त्या नाटकापुरती फोडणी आधी आटोपून घ्यायला सुरुवात केली, पण मनातून तो सुखावला होता. मरणाच्या प्रवेशावर मात करणारं सारण अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

सारण म्हणजे त्याचं सर्वस्व. ‘वरचं बेसन म्हणजे रंगरंगोटी,’ तो म्हणायचा, ‘खरा नट आत असतो.’ बटाटा हातानं फोडलेला, फार बारीक नाही. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, मूठभर कोथिंबीर, लिंबू आणि मीठ. मीठ तो हाताच्या अंदाजानं टाकायचा आणि कधी चाखायचा नाही. शेजारी पाटावर बसून त्याची बायको हिरा लसूण सोलत असायची. त्याच्या हातून कधी बिघडलंच नाही असं नाही, पण जेव्हा बिघडलं तेव्हा हिरानं ते कुणाला कळू दिलं नाही. विंगेतल्या नटांना तो स्वतः नेऊन द्यायचा. राजाच्या वेषातला माणूस दाढी एका हातानं वर धरून वडा खातोय, नुकतीच विधवा झालेली नायिका ‘वैजू, मिरची दे रे आणखी’ म्हणून मागे लागलीय, असा तो दरबार असे. खिडकी बंद केल्यावर कुणी धापा टाकत आला, तरी वैजनाथ खिडकी उघडायचा. खायला मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं.

ते सगळं आता मागं पडलं. कॅन्टीन दुसऱ्याकडे गेलं, हिरा गेली आणि वैजनाथ नारायण पेठेतली खोली सोडून कर्वेनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. मुलगा विश्वजीत घरातूनच कॉम्प्युटरचं काम करायचा, सून अपेक्षा हडपसरच्या आयटी पार्कात जायची. दोघंही चांगली. इतकी चांगली, की त्याला कशाला हात लावू द्यायची नाहीत. स्वयंपाकाला बाई होती. डॉक्टरांनी त्याचं मीठ कमी केलं होतं आणि तळण बंद. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी सोसायटीचा बाक. हात मांडीवर ठेवून बसायची सवय त्या हातांना काही केल्या लागेना.

मग मखमल आला.

अपेक्षानं त्याला जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणलं. कंपनीच्या फाटकावर मच्छिंद्र नावाचा रखवालदार होता, त्याच्या केबिनमागे एका कुत्रीला पिल्लं झाली होती. बाकीची कुणीकुणी नेली, हे एक उरलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, पोट नगाऱ्यासारखं. विश्वजीत त्याला ब्रूनो म्हणणार होता. पण वैजनाथनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नाव ठरून गेलं. नाट्यगृहाचा पडदा हाताला अगदी असाच लागायचा.

या घरात वेळच वेळ असलेला माणूस एकच आहे, हे पिल्लानं पहिल्याच दिवशी ओळखलं. वैजनाथ उठला की ते उठायचं, वैजनाथ देवापुढे उभा राहिला की ते त्याच्या पायावर बसायचं. बऱ्याच दिवसांनी वैजनाथच्या मागं मागं कुणीतरी फिरत होतं.

पण मखमलला दात येत होते. त्यानं वैजनाथची चप्पल खाल्ली, खुर्चीचा पाय खाल्ला, विश्वजीतच्या चार्जरच्या वायरीवर दोनदा हात मारला. आणि विश्वजीतनं खोलीचं दार लावून कॉल सुरू केला की ते दाराबाहेर बसून भुंकायचं. सारखं, तालात, न थकता. खालच्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी जिन्यात वैजनाथला गाठून सांगितलं होतं, “वैजनाथराव, दुपारी तुमच्याकडे शाळा भरते वाटतं. सुट्टी कधी असते तेवढं कळवा.”

एका संध्याकाळी जेवताना विश्वजीत म्हणाला, “अप्पा, आज मी साहेबांना तिमाहीचे आकडे सांगत होतो. प्रत्येक आकड्याला हा बाहेरून दाद देत होता.”

“आकडे चांगले असतील.”

“साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.”

वैजनाथ हसला, पण विश्वजीत हसला नाही. त्यानं भात कालवता कालवता सांगितलं, की येत्या बुधवारी मोठा कॉल आहे. परदेशातली माणसं असणार, एक काम मिळायचं की नाही ते त्यावर ठरणार. “बुधवारी हा गप्प राहिला, तर राहू दे घरात. नाही राहिला, तर मला नाही जमणार अप्पा. मच्छिंद्र न्यायला तयार आहे.”

“हो,” अपेक्षा हळूच म्हणाली. “तो म्हणाला, ‘मॅडम, फुरसुंगीला आपलं रान हाय. पळंल, खेळंल, तुमी काळजी करू नका.’”

त्यात वाईट काहीच नव्हतं. मच्छिंद्र भला माणूस, रान मोकळं. वैजनाथला दोष काढायला कुठं जागाच सापडेना, आणि म्हणून त्याला जास्त वाईट वाटलं. त्यानं टेबलाखाली पाय हलवून बघितला. मखमल पायावरच झोपला होता.

दुसऱ्या दिवशी अपेक्षानं मागवलेलं खेळणं आलं. लाल रबराचं, आतून पोकळ, एकावर एक तीन लाडू रचावेत तसं, आणि बुडाशी भोक. “पिल्लांसाठीचं मऊ आहे हे,” तिनं सांगितलं. “आत खाऊ भरायचा. तो चाटत, चावत बसतो. काढायला वेळ लागतो, तेवढा वेळ तोंड बंद.”

वैजनाथनं ते हातात फिरवलं, भोकात बोट घालून आतली खोली पाहिली.

“म्हणजे भरलं वांगं.”

“तसंच समजा.”

“मग काळजी सोड. आतलं चांगलं असलं, की तोंडं बंद राहतात. पाचशे माणसांची ठेवलीत मी.”

सकाळी स्वयंपाकाच्या बाईच्या आधीच तो ओट्याशी उभा होता. बटाटे उकडले, ठेचा वाटला, पिल्लू आहे म्हणून मिरची जरा कमी. फोडणी बसली तसा घरभर तो जुना वास पसरला. विश्वजीत दात घासता घासता स्वयंपाकघरात डोकावून गेला. अपेक्षा ऑफिसला निघाली होती, ती दारातून परत फिरली.

“अप्पा, यात लसूण आहे?”

“लसणाशिवाय सारण करतात?”

“थांबा जरा. आधी डॉक्टरांना दाखवून या.”

“अगं, सारण आजारी नाहीये.”

पण तिनं फोन लावलाच. तासाभरात वैजनाथ एका काखेत मखमल आणि दुसऱ्या हातात स्टीलचा डबा घेऊन जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात बसला होता. तिथल्या डॉक्टर सुमय्या तरुण होत्या. मखमलची पहिली लस त्यांनीच टोचली होती. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, चमच्याच्या टोकावर जरासं घेऊन तोंडात टाकलं.

“काका, हे अप्रतिम आहे.”

“आहेच.”

“यातलं त्याला काहीही द्यायचं नाही.”

वैजनाथनं डब्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

“लसूण काढला तर?”

“काढून भागत नाही, उतरलाय तो सगळ्यात. लसूण नाही, कांदा नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, पावडरसुद्धा नाही. कुत्र्यांचं रक्त बिघडतं त्यानं.”

“मिरची तशी कमीच घातलीय.”

“कमी नको. नकोच.”

“मीठ?”

“वरून मीठ नाही.”

“मग उरला नुसता बटाटा.”

“उकडलेला, साधा, थोडासा चालेल.”

वैजनाथनं काखेतल्या पिल्लाला जरा वर ओढून घेतलं. तिखट जमत नाही, तर गोड. सारणांचे काय, हजार प्रकार.

“मग करंजीचं करतो. खोबरं, थोडा गूळ, बेदाणे.”

इतका वेळ हसऱ्या असलेल्या डॉक्टर एकदम गंभीर झाल्या.

“काका, हे नीट लक्षात ठेवा. बेदाणे, मनुका, द्राक्षं त्याच्या तोंडाजवळसुद्धा येता कामा नयेत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होईल ते कुणी सांगू शकत नाही. एखाद्या कुत्र्याला थोडक्यात होतं, आणि हा तर एवढासा. म्हणून एकही नाही. चॉकलेट नाही. बाजारातलं पीनट बटर आणलंत आणि त्यावर साखर नसल्याचं लिहिलं असेल, तर त्यात झायलिटॉल नावाची गोडी असू शकते. आपल्याला चालते, त्याला विष.”

“आमच्याकडे दाण्याचा कूट असतो.”

“बिनमिठाचा कूट, चिमूटभर, कधीतरी चालेल. दाण्याची चटणी नाही. चटणीत काय असतं?”

“लसूण,” वैजनाथ पडेल आवाजात म्हणाला. “थोडक्यात, ज्याला चव आहे ते काहीच नाही.”

“काका, चवीचं वेड तुम्हाला. तो नाकानं जेवतो. साधी गोष्ट करा. त्याचं पिल्लांचं रोजचं खाणं कोमट पाण्यात भिजवून मऊ करा. त्यात लाल भोपळा, साल-बिया काढून, उकडून. किंवा गाजर मऊ शिजवून. चिकन उकडून, हाड एकही न ठेवता. नवीन गोष्ट एका वेळी एकच, म्हणजे पोट बिघडलं तर कशानं ते कळेल. आणि आत जे भराल ते त्याच्या जेवणातून कमी करा, नाहीतर महिन्याभरात हा जिना चढायचा नाही.”

मग त्यांनी लाल खेळणं हातात घेऊन पाहिलं. माप ठीक होतं, अख्खं तोंडात जाणारं नव्हतं. तुकडा निघाला की टाकून द्या, रोज आतून घासा आणि तो खात असेल तेव्हा समोर बसा, म्हणाल्या.

“समोर बसायला मी आहेच,” वैजनाथ म्हणाला. निघताना डबा मात्र डॉक्टरांनी ठेवून घेतला.

त्या दुपारी वैजनाथनं जन्मात पहिल्यांदा मिठाच्या बरणीकडे पाठ करून स्वयंपाक केला. हात सवयीनं तिकडे वळायचा, तो मागं घ्यायचा. भोपळा उकडला, भिजवलेल्या खाण्यात कुस्करला. आयुष्यभर न चाखणाऱ्या माणसानं चमचाभर चाखून पाहिलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. असलं काही कुणापुढे ठेवायचं म्हणजे शोकसभेला बोलावून पाणीसुद्धा न विचारण्यासारखं होतं.

मखमलला मात्र वासच पुरला. तो शेपटीसकट अंग हलवत नाचायला लागला. वैजनाथनं खेळण्यात सारण भरलं, अंगठ्यानं चांगलं दाबून, भरलं वांगं भरतात तसं. पिल्लानं तोंडाशी होतं तेवढं चाटलं, पुढं काही येईना. त्यानं खेळणं उलटवलं, जमिनीवर आपटलं आणि मग वैजनाथकडे बघून तक्रार सुरू केली, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

आतून विश्वजीतचा आवाज आला, “अप्पा, हे त्याला गप्प बसवायचं खेळणं आहे की रियाजाचं?”

दुसऱ्या वेळी वैजनाथनं अगदी सैल भरलं. एका झटक्यात सगळं फरशीवर, पुढच्या झटक्यात पोटात, आणि पुन्हा मैफल सुरू.

वैजनाथ बाकावर न जाता संध्याकाळभर ते लाल रबर मांडीवर घेऊन बसला. आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण आजवर फक्त मध्यंतर सांभाळलं. लोक भुकेले यायचे, खाऊन जायचे, संपलं. इथं अख्खा अंक सांभाळायचा होता. पण अंक कसा चालतो, हे त्यानं भिंतीपलीकडून उभ्या जन्मात ऐकलं होतं. पडदा उघडल्या उघडल्या काहीतरी घडलं पाहिजे, नाहीतर चुळबुळ सुरू होते. मग जरा थांबवायचं, मग थोडं द्यायचं, पुन्हा थांबवायचं. सगळ्यात चांगलं तळाशी ठेवायचं, पण आहे याचा वास मात्र आधीपासून येऊ द्यायचा.

दोन दिवस भोपळाच दिला. पोटानं तक्रार केली नाही, तेव्हा उकडलेलं चिकन आलं, तंतूतंतू सोडवलेलं, हाड बोटांनी पुन्हा पुन्हा तपासून. त्याचा चिमूटभर भाग तळाशी, मग भोपळा आणि भिजवलेलं खाणं, मधे मधे सैल, आणि तोंडाशी एकच तंतू बाहेर डोकावणारा, जाहिरातीपुरता. भरून झालं की थोडा वेळ फ्रिजमध्ये, जरा घट्ट व्हायला. मंगळवारी दुपारी अपेक्षा घरी होती. ती दारात उभी राहून बघत राहिली. मखमल दोन्ही पंज्यांत ते लाल रबर धरून, डोळे अर्धे मिटून चाटत होता. आत विश्वजीत फोनवर बोलत होता आणि घरात दुसरा आवाज नव्हता.

“अप्पा, याची तर समाधी लागलीय.”

“उद्याही लागेल,” वैजनाथ म्हणाला. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

बुधवारी सकाळी त्यानं एक रंगीत तालीम घेतली, आणि तीच नडली. मखमलनं खेळणं चाटून साफ केलं, वैजनाथ भोपळ्याचं पातेलं घासायला वळला, तेवढ्यात पिल्लू ते तोंडानं ढकलत गॅलरीत गेलं आणि गजांच्या फटीतून खाली. खाली मथुराबाईंची बाग. वैजनाथ गजांवरून वाकला.

“मथुराबाई, आमचं एक लाल रबराचं...”

“तुळशीत पडलंय,” खालून उत्तर आलं. “घरात सत्यनारायण आहे. पोथी झाली की आणून देते.”

आता देवाच्या कामात घाई कशी करायची. दुपारच्या भरण्याचं सगळं फ्रिजमध्ये तयार होतं, वेळही होता. वैजनाथ वाट बघत बसला. खालून आरती ऐकू आली, मग मंत्रपुष्पांजली, मग माणसांची वर्दळ. वेळ सरकत गेला. विश्वजीत स्वच्छ शर्ट घालून आला, बापाकडे बघून मान हलवली आणि दार लावून घेतलं. कॉल सुरू झाला. मखमलनं दाराकडे पाहिलं, कान टवकारले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात स्वतः मथुराबाई उभ्या होत्या, रेशमी साडी, कपाळावर ओलं कुंकू. हातात ते लाल खेळणं, घासूनपुसून लख्ख, आणि काठोकाठ शिऱ्यानं भरलेलं. वर तुळशीचं पान.

“शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं, वैजनाथराव? म्हटलं, लेकराला प्रसाद जाऊ दे. निदान तेवढा वेळ शाळा बंद राहील.”

याच बाईंनी जिन्यात टोमणा मारला होता. आज त्यांनी कुत्र्याचं भांडं स्वतःच्या हातानं घासून देवाचा प्रसाद भरून आणला होता.  वैजनाथनं दोन्ही हात पुढे करून ते घेतलं, कपाळाला लावलं. पाहुणे खोळंबले होते म्हणून त्या लगेच उतरून गेल्या.

तुपाचा वास लागला तसा मखमल वेडा झाला. पायजम्याला धरून लोंबकळला. वैजनाथ दार लावून वाकला, आणि वाकता वाकता त्याचं बोट शिऱ्यात टेकलं. साजूक तूप, केळं, वेलची, आणि बोटाला लागलं ते तुपात फुगलेलं, मऊ, गोल. बेदाणा. त्याच्या शेजारी आणखी एक.

तो होता तिथंच थांबला. मखमलनं जीभ लांब केली, त्यानं हात वर नेला. पिल्लू भुंकलं.

दारापलीकडे विश्वजीत इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होता. हातातलं हे खाली ठेवलं, की घर शांत. अख्खा कॉल निघेल. मखमल या घरात राहील. आणि प्रसादानं कुणाचं कधी वाईट झालंय? वरचे बेदाणे वेचून टाकले तर? पण शिरा आतल्या वळ्यांत तुपासकट चिकटलेला होता. तळाशी एखादा राहिला नाही, हे कोण सांगणार? फ्रिजमधलं सारण त्यानं ताटलीत काढून दिलं, ते मखमलनं श्वास न घेता संपवलं आणि पुन्हा वर बघून भुंकायला लागला. खाली न्यावं तर लसी पूर्ण व्हायच्या होत्या, डॉक्टरांनी रस्त्यावर उतरवायला मनाई केली होती. शिवाय प्रसाद टाकून देणं वैजनाथच्या हातून होणार नव्हतं.

म्हणून तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला, चमचा उलटा धरून दांड्यानं शिरा बाहेर काढायला लागला, आणि काढेल तसा स्वतः खायला लागला. समोर मखमल मागच्या पायांवर उभा राहून असा ओरडत होता, की शेवटच्या रांगेतल्यालाही ऐकू जावं.

खोलीचं दार उघडलं. विश्वजीत बाहेर आला, एका हातात लॅपटॉप, कानात फोनचं ते बोंड.

“अप्पा, हातात आहे ना ते? द्या ना त्याला.”

वैजनाथनं तोंडातला घास गिळला. “नाही.”

“अहो, भरलेलं आहे.”

“मथुराबाईंचा प्रसाद आहे. बेदाणे आहेत यात.”

“काढा मग. एखादा राहिला तर...”

“एखादाही नाही.”

“अप्पा, आत माणसं थांबलीत माझी.”

“माहितीये.” त्याच्या पांढऱ्या मिशीला शिरा लागला होता. “हा आज गप्प बसत नाही. तुझं काम बिघडेल, आणि मग हा मच्छिंद्रकडे जाईल. तसं ठरलंय, मी मोडणार नाही. जाऊ दे. पण इथून जाईल तो धडधाकट जाईल. गप्प करायचं म्हणून मी त्याला हे देणार नाही.”

विश्वजीत बघत राहिला. लहानपणी तो कॅन्टीनच्या खिडकीखाली पोत्यावर बसून अभ्यास करायचा. आपला बाप कुणाला खायला नाही म्हणतोय, हे त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. आणि ज्याला ठेवून घ्यायचं, त्यालाच तो नाही म्हणत होता.

कानात कुणीतरी त्याचं नाव घेतलं असावं. “वन मिनिट, प्लीज,” विश्वजीत हवेत म्हणाला. त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, लॅपटॉप पोटाशी धरला आणि जिना उतरून पार्किंगमध्ये गेला.

शिरा संपला, आणि घरात ज्याच्यावर भुंकावं असं कुणी उरलं नाही. खोलीच्या दारामागे माणूसच नव्हता. मखमल थोडा वेळ कुरकुरला आणि शिऱ्याच्या वासासकट वैजनाथच्या मांडीवर झोपून गेला.

मघाचा आवाज ऐकून मथुराबाई पुन्हा वर आल्या, उघड्या दारात उभ्या राहिल्या. “प्रसाद गोड लागला नाही वाटतं तुमच्या या चिमुकल्या साहेबांना.”

वैजनाथनं बसल्या जागेवरून, पिल्लाला न उठवता, सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर खांद्यावर नीट ओढून घेतला आणि झोपलेल्या पिल्लाकडे बराच वेळ बघितलं.

“मला काय माहीत,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

“मला तरी कुठं माहीत होतं? मी तर लसणाचं सारण करून बसलो होतो.”

“कांदा नाही, लसूण नाही आणि वर बेदाणेही नाहीत.” बाईंचा सूर हळूहळू मूळ जागी आला. “तुमचं पिल्लू आमच्या देवापेक्षा सोवळं निघालं. भोपळा चालतो म्हणता? मग तोंड उघडून आधी सांगायचं. मागच्या वाफ्यात वेलाला धरलेत चांगले दोन.”

त्या गेल्यावर वैजनाथ उठला. एक कापडी पिशवी काढून तिच्यात त्यानं मखमलचा जुना टॉवेल घडी करून ठेवला, खाण्याची ताटली ठेवली. मच्छिंद्रला सांगायला हवं होतं, की भोपळा सालीसकट नको, आणि नवं काही दिलं तर एका वेळी एकच. लक्षात राहील का त्याच्या? खेळणं गरम पाण्यानं आतून पुन्हा पुन्हा घासून तो ते पुसत होता, तेव्हा विश्वजीत आला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. तो सरळ माठाशी गेला, तांब्याभर पाणी प्यायला.

“झाला कॉल?”

“झाला.”

“काम?”

“देतायत असं दिसतंय. गाडीत उकडून निघालो मी.”

मग त्याला टेबलावरची पिशवी दिसली. त्यानं आत डोकावून पाहिलं.

“हे काय?”

“मच्छिंद्रला द्यायचं सामान.”

 विश्वजीतनं टॉवेल बाहेर काढला, झटकला आणि कोपऱ्यात मखमलच्या नेहमीच्या जागी अंथरला. ताटली ओट्यावर ठेवली. पिशवीची घडी घालत, बापाकडे न बघता त्यानं विचारलं, “उद्या पुन्हा कॉल आहे त्यांचा. उद्या काय भरणार आहात?”

 वैजनाथनं कोरडं झालेलं खेळणं पुन्हा एकदा पुसलं.

“भोपळा आणि चिकन पोटाला मानवलंय,” तो म्हणाला. “उद्या चिकनऐवजी गाजर बघू.”

“आणि हे असलं आणखी एक मागवून ठेवतो मी. एक खाली पडलं तर दुसरं हाताशी पाहिजे.”

“मागव,” वैजनाथ म्हणाला. “पण थोडं मोठं मागव. याच्या तोंडाला हे लवकरच लहान पडणार आहे.”